मजकूर कुत्र्याचा सातबारा

महसूल खात्याच्या कचेरीत चौतीस वर्षे लेखणी झिजवून, आणि त्यांतली अखेरची सात 'अव्वल कारकून' या भारदस्त उपाधीच्या ओझ्याखाली काढून, मी जेव्हा मौजे परंदवडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील वडिलोपार्जित घराच्या ओसरीवर येऊन विसावलो, तेव्हा माझी अशी प्रामाणिक समजूत होती की या पृथ्वीतलावर ज्याची कोठेच नोंद नाही असे आता काही उरलेले नाही. जमिनीचा सातबारा असतो, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते, विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या कोठे ना कोठे लिहिलेल्या असतात. इतकेच काय, ज्या वाटेने गेल्या पन्नास वर्षांत बाभळीखेरीज कोणी पाऊल टाकले नाही, तीदेखील 'वहिवाट' म्हणून दप्तरात जिवंत असते आणि तिच्यापायी सख्खे भाऊ दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत असतात. अशा या सर्वतोपरी रुजू आणि नमूद झालेल्या मुलखात एक प्राणी मात्र भर दिवसा, ग्रामपंचायतीच्या दारासमोर, चारी पाय ताणून, बिननोंदणीचा झोपलेला असतो, हे ध्यानी यायला मला निवृत्तीनंतरची तीन वर्षे लागली. इतकी वर्षे नजरेसमोर असलेली गोष्ट न दिसणे ही सरकारी नोकरीची सवय असावी.

मजकूर प्राण्याचे नाव खंड्या. अंगाने तांबूस, एक कान उभा, दुसरा कायम विचारात पडल्यासारखा वाकलेला. अर्धा अस्सल गावठी आणि उरलेला अर्धा कुठल्या तरी विलायती घराण्याशी नाते सांगणारा, पण ते सिद्ध करण्याची घाई नसलेला. चार पावसाळ्यांपूर्वी सोमाटणे फाट्यावर एका मोटारीतून तो उतरला, असे फाट्यावरचा चहावाला सांगतो. तो उतरला की उतरवला गेला, हा भेद चहावाल्याने त्या वेळी केला नाही, आणि पावसात भजी खायला उतरणाऱ्या एवढ्या गर्दीत एका कुत्र्याचा हेतू कोणी तपासत बसत नाही. तेथून तो पायी परंदवडीस आला आणि येथलाच झाला.

परंदवडीचे स्थान असे आहे, की जुना मुंबई-पुणे रस्ता, २००२ साली पुरता खुला झालेला द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग हे तिन्ही प्रवाह तिच्या आजूबाजूने वाहत असल्यामुळे जगात जे काही चालते त्याचा आवाज आमच्यापर्यंत येतो. अर्थ मात्र वाटेत कोठे तरी सांडतो. त्याच न्यायाने २०२५ च्या अखेरीस, पारावर एक आवाज आला: कुत्र्यांना आता चिप बसवावी लागणार, न बसवल्यास पाच हजार रुपये दंड. ही वार्ता आणली ती गावाच्या कडेच्या नव्या वसाहतीत बंगला बांधून राहणाऱ्या गृहस्थांनी. गाव त्यांना 'सायेब' म्हणते, आणि त्यांच्या ब्रुनो नावाच्या लॅब्राडॉरला 'सायबाचं वासरू' म्हणते. सायबांनी ब्रुनोला चिप बसवून घेतली होती आणि वर्तमानपत्राचा तुकडा खिशात होता. मी चष्मा लावून तो वाचला, तेव्हा तो हुकूम चेन्नईच्या महानगरपालिकेचा निघाला. चेन्नईपासून परंदवडी किती दूर आहे हे पारावरील मंडळींना मी समजावून सांगितले, तेव्हा आबा म्हणाले, "आवं भाऊसाहेब, टोलबी आधी दुसरीकडंच व्हता."

याला उत्तर नव्हते.

आबांना खरी उत्सुकता होती ती वस्तूविषयी. सायबांनी ती तांदळाच्या दाण्याएवढी असते असे सांगितले. ही उपमा जगभर रूढ असावी. परंतु ती देताना समोर कोण बसले आहे याचे भान ठेवायला हवे होते, कारण ज्या मावळात वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी भात जन्माला घातला, तेथे तांदळाचा दाणा ही मोघमपणे बोलण्याची बाब नाही. "कंच्या तांदळाच्या?" आबांनी विचारले. सायेब गडबडले. त्यांनी मोबाइलमध्ये पाहून सांगितले की बारा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड. आबांनी ते माप आपल्या अंगठ्याच्या नखावर धरले, डोळे बारीक केले, आणि निर्णय दिला: "ही इंद्रायणी न्हाय. आंबेमोहोर तर न्हायच न्हाय. बासमतीबी कच्ची एवढी नसती. ह्यांनी दाणा शिजवून मग मोजलाय."

चिपच्या कर्तृत्वाविषयी सायबांनी जे निरूपण केले त्याचा सारांश असा. ती काचेची कुपी असते. तिच्यात तारेचे एक बारीक वेटोळे असते. विजेचा घट नसतो. जाड सुईने ती जनावराच्या दोन्ही खांद्यांमध्ये कातडीखाली सरकवतात आणि मग ती आयुष्यभर तेथे निपचित पडून राहते. कोणी स्कॅनर अंगावरून फिरवला तर त्याच्या लहरींतून क्षणभर तिला शक्ती मिळते, त्या क्षणात ती आपला पंधरा आकडी नंबर सांगते आणि पुन्हा निद्रिस्त होते.

"म्हंजे कुत्रं कुठं गेलंय ते घरबसल्या कळंल," नाना म्हणाले.

"नाही. ते नाही कळत."

"बरं, चोरानं नेलं तर बोंब मारंल?"

"नाही."

"मंग करती काय ती?"

"विचारलं की नंबर सांगते."

"आन् न्हाय इचारलं तर?"

"तर काही नाही."

पारावर निराशा पसरली. मला मात्र त्या कुपीविषयी एकाएकी आत्मीयता वाटू लागली. स्वतःहून काहीही न बोलणे, वरून विचारणा झाल्यास केवळ जावक क्रमांक सांगणे, प्रकरण सध्या कोठे आहे याविषयी पूर्ण अज्ञान बाळगणे, आणि विचारणारा निघून गेल्यावर पुनश्च झोपी जाणे, हे ज्याचे चरित्र आहे अशा कितीतरी सज्जनांच्या शेजारच्या टेबलावर मी हयात काढली आहे.

तथापि हद्दीचा प्रश्न निघाला की माझ्यातला कारकून जागा होतो. महानगरपालिकांना कुत्र्यांवर हुकमत चालवता येते ती त्यांच्या हद्दीत; पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या पालिकांमागे १९४९ चा अधिनियम उभा आहे. आमची ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाची प्रजा. आणि जवळच देहूरोडला लष्कराची छावणी आहे. छावण्यांच्या १९२४ च्या जुन्या कायद्यातच कुत्र्यांची नोंदणी करून त्यांच्या गळ्यात धातूचा बिल्ला अडकवण्याची उपविधींना मुभा होती. म्हणजे सकाळी परंदवडीत भाकरी खाऊन दुपारी रुळांच्या कडेकडेने देहूरोडकडे फिरायला जाणारा कुत्रा हा निघताना स्वतंत्र नागरिक असतो आणि पोहोचतो तेव्हा बिनबिल्ल्याचा आरोपी ठरू शकतो. मधल्या वाटेवर त्याच्या चारित्र्यात कोणताही बदल झालेला नसतो.

शिवाय केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी नियम केले आणि त्यांत पैदाशीच्या कुत्र्यांना चिप सक्तीची केली. २०१८ साली बंगळूरच्या पालिकेने एका फ्लॅटमागे एकच कुत्रा, आणि तोही चिपसह, अशी उपविधी काढली, तेव्हा तेथील श्वानप्रेमी मंडळींनी असा काही गदारोळ केला की ती गुंडाळून ठेवावी लागली. सरकारने कुत्र्याच्या वाटेला जावे, पण बेताने जावे, हा धडा आपल्याकडे जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा ज्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे तो शांतताप्रिय पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद झाला, आणि किल्ल्यातल्या गोऱ्या साहेबांची रसद अडली. ज्या सरकारने पेशवाई बुडवली त्याला दोन दिवस पाव मिळणे मुश्कील झाले, ते कुत्र्यांपायी.

कुत्र्याचे असे, पण मांजराचे काय? २०२२ साली पुणे महानगरपालिकेने मांजरे पाळणाऱ्यांनाही परवाना घ्यायला लावण्याचे ठरवले, तेव्हा माझे पेठेत राहणारे एक स्नेही इतके अस्वस्थ झाले की त्यांनी मला रात्री दहा वाजता दूरध्वनी केला. त्यांचा आक्षेप फीविषयी नव्हता. पुणेकर असल्यामुळे तो मनात असणारच, पण त्यांनी तो शेवटी मांडला. त्यांचा मूळ आक्षेप तात्त्विक होता. 'मांजर पाळणे' हा शब्दप्रयोगच न्यायप्रविष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. मांजर घरात राहते, दूध पिते, गादीचा मध्य अडवते, आणि इच्छा झाल्यास घरातील माणसांना जवळ बसू देते. या व्यवहारात पालक कोण आणि पाल्य कोण, याची चौकशी न करता पालिकेने एकतर्फी निकाल दिला, याचे त्यांना वैषम्य वाटत होते. आमच्याकडील मनीचा इतिहास पाहता मला त्यांचे म्हणणे पटते. मांजर आपली पिले सात घरे फिरवते असे म्हणतात; मनीने नऊ फिरवली. अर्जातील 'कायमचा पत्ता' या रकान्यापुढे तिच्या वतीने काय लिहावे? आणि खाली 'अर्जदाराची सही' आलीच.

आमच्या कुटुंबाचा भाचा इंग्लंडात रेडिंग येथे असतो. त्याच्याकडेही मांजर आहे. तिकडे कुत्र्यांना चिप २०१६ च्या एप्रिलपासून सक्तीची आहेच. १० जून २०२४ पासून ती मांजरांनाही झाली. वीस आठवड्यांवरचे मांजर बिनचिपचे सापडले तर मालकाला एकवीस दिवसांची मुदत, आणि तरीही हयगय केल्यास पाचशे पौंडांपर्यंत दंड. भाच्याने हे सर्व आपल्या आत्याला रविवारच्या दूरध्वनीवर सांगितले. दंडाचे रुपये करून ऐकताच ओसरीवर माझ्या पायाशी झोपलेल्या मनीकडे कुटुंबाने अशा काही नजरेने पाहिले, की जणू ती घरातून पन्नास हजारांची उचल करून आली आहे. पण पुढे भाच्याने जे सांगितले त्याने घरात प्रसन्नता पसरली. शेतावर राहणारी, माणसांशी बेताचा संबंध ठेवणारी, कोणाचीच नसलेली मांजरे इंग्रजांनी या कायद्यातून वगळली आहेत. न्यूझीलंडने २००६ साली कुत्र्यांना चिप लावली तेव्हा गुरे-मेंढरे वळणारे शेतावरचे कुत्रेही असेच वगळले होते.

"म्हणजे आपली मनी तिकडे असती तर सूट होती तिला," कुटुंब म्हणाले.

"सूट नव्हे, माफी," मी दुरुस्ती केली. "इनामदारांना असायची तशी."

ज्या इंग्रजांकडून आपण दप्तराचे हे वेड उचलले, त्यांना कुत्र्यांच्या परवान्याचा कंटाळा आला होता, हेही या ठिकाणी नमूद केले पाहिजे. त्यांच्याकडे परवाना सदतीस पेन्सांना मिळे, लोक तेवढेही भरीनात, वसुलीचा व्याप उत्पन्नाला परवडेना, तेव्हा १९८७ साली त्यांनी तो मोडीत काढला. तीस वर्षांच्या आत ते चिप घेऊन परत आले. कोणतीही नोंदवही फार काळ बंद राहू शकत नाही, हे मी माझ्या कचेरीत सदैव सांगत असे.

परंदवडीकडे पुन्हा वळायचे तर, येथील गुरांना हे प्रकरण नवे नाही. गाय, बैल, म्हैस यांच्या कानांत पिवळा बिल्ला आला त्याला काही वर्षे झाली. त्यावर बारा आकडी नंबर असतो आणि तो दिल्लीपर्यंत पोहोचलेला असतो. १ जून २०२४ पासून तर राज्याने बिल्ल्यावाचून गुरांची खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाही, आणि वीज पडून किंवा वन्य पशूच्या हल्ल्यात जनावर गेले तर भरपाई नाही, असे ठरवले. शर्यतीच्या बैलाच्या कानात तो पिवळा तुकडा कसा दिसतो याविषयी गाडामालकांच्या भावना येथे लिहिण्यासारख्या नाहीत. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळी गोंडा आणि कानाला सरकारी चिठ्ठी! परंतु बैलाला निदान मालक असतो, आणि तो सांगायला कोणी लाजत नाही, कारण बैलाची किंमत लाखांत असते.

वन्य पशूचा उल्लेख झालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात कुत्र्याच्या फार आधी चिप बसली ती बिबट्याला. या शतकाच्या आरंभी जुन्नर तालुक्यात उसात दडलेले बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडत असत, तेव्हा त्यांची ओळख पटावी म्हणून शेपटीच्या बुडाशी चिपा घातल्या गेल्या; आणि त्या नंबरांवरूनच संशोधकांच्या लक्षात आले की सोडलेला बिबट्या सोडलेल्या जागी राहत नाही, आणि जेथे त्याला नेऊन सोडावे तेथे नवा उपद्रव उभा राहतो. आता बिबट्याचे आवडते खाद्य कुत्रा, हे मावळात पोरालाही ठाऊक आहे. समजा, उद्या खंड्याला चिप बसली, आणि परवा तो रात्री बेसावधपणे ओढ्याकडे गेला, आणि तेरवा वनखात्याने एक सुस्तावलेला बिबट्या पिंजऱ्यात धरून त्याच्यावर स्कॅनर फिरवला. शेपटीकडून एक नंबर येईल: जुन्नर. पोटाकडून दुसरा येईल: खंड्या, मौजे परंदवडी. अशा वेळी पंचनाम्यात काय लिहितात? एकाच देहात दोन खातेदार, सामाईक क्षेत्र, हिस्से अनिश्चित. फेरफार कोणाच्या नावे धरावा, आणि खंड्याच्या लसीकरणाची पुढील तारीख कोणास कळवावी? मी हा पेच आमच्या गावच्या तलाठ्यांपुढे मांडला. (त्यांना अलीकडे 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणावयाचे असते, परंतु गावाच्या जिभेला ते वळण लागायला अजून एक पिढी जाईल.) ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही निवृत्त झालात ते बरं झालं."

खरा पेच मात्र बिबट्याच्या पोटात नसून अर्जाच्या दुसऱ्या ओळीत होता. सायबांनी ब्रुनोच्या वेळचा एक कोरा नमुना मला आणून दिला. पहिली ओळ, जनावराचे नाव. दुसरी ओळ, मालकाचे नाव. मी टोपण काढलेले पेन हातात धरून पाऊण तास बसून राहिलो.

खंड्याचा मालक कोण? सकाळची भाकरी त्याला आमच्याकडे मिळते हे खरे. पण दुपारी तो शाळेत असतो, आणि तेथील खिचडीवर त्याचा हक्क पोरांनी केव्हाच मान्य केलेला आहे. पोरे त्याला मोती म्हणतात. चार वाजता तो फाट्यावर चहावाल्याकडे जातो. तेथे तो राजा आहे आणि त्याला ग्लुकोजची दोन बिस्किटे मिळतात. संध्याकाळी बेगडेवाडीच्या स्थानकाकडे लोकलमधून उतरणाऱ्या कामकरी बायांना तो घरापर्यंत सोबत करतो. त्या त्याला नावाने हाक मारीत नाहीत, 'आला का रे बाबा' एवढेच म्हणतात, आणि डब्यात उरलेले काही त्याच्यापुढे टाकतात. रात्री राखण तो आबांच्या खळ्यावर करतो, तेथे त्याचे नाव वाघ्या. रेबीजची लस त्याला ग्रामपंचायतीच्या शिबिरात टोचली गेली, तेव्हा पावतीवर कोणी तरी 'टायगर' असे लिहिले. माझ्या उभ्या नोकरीत एका इसमाला इतकी उर्फ असलेली मी फक्त फौजदारी कागदांत पाहिली होती.

मग मी ते इंग्रजी धाटणीचे कागद बाजूला सारले आणि जे मला येते ते केले. एका फुलस्केपवर खंड्याचा सातबारा मांडला. भूमापन क्रमांकाच्या जागी वाकडा कान. क्षेत्र, नाकापासून शेपटीपर्यंत सव्वा मीटर, पैकी शेपूट पोटखराबा. भोगवटादाराच्या रकान्यात प्रथम माझे नाव घातले आणि लगेच कंस केला, कारण कचेरीच्या रिवाजाप्रमाणे कंसात टाकलेले नाव असतेही आणि नसतेही. आकारणी: दीड भाकरी, अमावास्येला मटणाचे हाड. कुळाच्या रकान्यात शाळेतील पोरे, कारण कसेल त्याची जमीन हे तत्त्व एकदा मान्य केले की खाजवील त्याचा कुत्रा हे नाकारता येत नाही. इतर हक्काचा रकाना मात्र मला पुरेना. चहावाला, लोकलच्या बाया, आबांचे खळे, शिवाय गुरुवारी येणारा एक भिक्षेकरी, जो खंड्याला दत्तमहाराजांच्या चौघांपैकी एक समजून त्याच्या पाया पडतो. सर्वांचे हक्क लिहिता लिहिता मी कागदाच्या पाठीवर गेलो. आणि शेरा या रकान्यात, वहिवाट सर्व गावाची, हरकत नाही.

हा उतारा पाहून कुटुंब म्हणाले, "अहो, एवढे जण खायला घालतात, पण तो चावला तर भरपाई द्यायला यांतलं कोण येणार?"

कायद्याचे सगळे मर्म या एका प्रश्नात होते आणि ते मला चौतीस वर्षांच्या अनुभवाने नव्हे, पोळ्या लाटणाऱ्या हाताने दाखवले. चिप कुत्र्याचा शोध घेत नाही, ती जबाबदार इसमाचा शोध घेते. हक्काला दावेदार डझनावारी असतात. जबाबदारीच्या रकान्यात नाव घालायची वेळ आली की पार ओस पडतो. मी पारावर जाऊन तसा पुकारा केलाच. आबा म्हणाले, त्यांच्या खळ्यावर येतो तो वाघ्या, खंड्या त्यांच्या ओळखीचा नाही. चहावाला म्हणाला, कुत्रा राजा असतो, राजाला मालक कसा? शाळेतली पोरे मात्र सगळीच्या सगळी मालक व्हायला तयार होती. ती अज्ञान असल्यामुळे त्यांच्या सह्या चालल्या नसत्या.

अखेर मी निश्चय केला. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, एक आपल्या नावावर करू. सायबांनी मोटार देऊ केली. पुढे सायेब, मागे मी आणि कुटुंब, आणि आमच्या शेजारी, खिडकीतून मान बाहेर काढून, खंड्या. मोटारीत बसण्याची त्याची रीत पाहून मला नवल वाटले. जो कुत्रा बैलगाडीत चढायला तयार नसतो, तो येथे दार उघडताच उडी मारून आत गेला आणि डाव्या खिडकीची जागा धरून बसला, जणू ती त्याच्या नावे राखून ठेवलेली होती.

तळेगावातील एका दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी खंड्याच्या पाठीवर हात फिरवला, सुई तयार केली आणि म्हणाल्या, "काका, रीत आहे म्हणून आधी एकदा स्कॅन करून घेते." त्यांनी तो पांढरा दांडू खांद्यांवरून फिरवला. काही झाले नाही. मग पुढच्या डाव्या पायाकडे नेला, कारण कातडीखालची चिप कधी कधी सरकते, असे त्या सांगत होत्या. आणि त्यांचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच त्या यंत्राने एक बारीक टूं असा आवाज केला.

"काका, याला चिप आहे."

दवाखान्यात कोणी काही बोलले नाही. पंधरा आकडे त्या छोट्या पडद्यावर उभे होते. मी सवयीने ते उतरवून घेतले. भारताचा अंक ३५६. हा नंबर नऊशेने सुरू होत होता, म्हणजे देशाऐवजी चिप बनवणाऱ्या कंपनीचा होता. बाईंनी बराच वेळ संगणकात आणि दूरध्वनीवर घालवला, कारण ज्या कंपनीची चिप तिच्याकडेच तिचे दप्तर. शेवटी एका ठिकाणी नोंद सापडली. कुत्र्याचे नाव तेथे होते. जन्माचे वर्ष होते. मालकाच्या नावापुढे एक मोबाइल क्रमांक होता, आणि तो लावला असता एक अत्यंत सभ्य बाई तीन भाषांत सांगत होती की आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

बाईंनी नोंदीतले ते नाव मोठ्याने वाचले. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते ऐकताच खंड्याने मान वळवली, वाकडा कान पहिल्यांदाच सरळ उभा केला, आणि दाराकडे पाहिले. थोडा वेळ पाहत राहिला. मग कान पुन्हा पूर्ववत वाकला आणि तो कुटुंबाच्या पायांशी जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर सायेब काही बोलले नाहीत. सोमाटणे फाट्यापाशी गाडी थोडी हळू झाली, तेव्हा खंड्याने खिडकीतून आत घेतलेले तोंड परंदवडी येईपर्यंत बाहेर काढले नाही.

आता कारकून म्हणून माझ्यापुढे रीतसर एकच मार्ग उरला होता. मिळकतीवर जुना बोजा दिसला की जाहीर नोटीस द्यावी लागते. ती मी त्याच रात्री लिहून काढली. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे परंदवडी, तालुका मावळ येथील तांबूस रंगाचा, एक कान वाकडा असलेला कुत्रा, उर्फ खंड्या उर्फ मोती उर्फ राजा उर्फ वाघ्या उर्फ टायगर, हा निम्नस्वाक्षरीकार आपले नावे करून घेत आहेत. सबब सदर कुत्र्यावर कोणाचा कसलाही हक्क, हितसंबंध, दावा अथवा बोजा असल्यास त्यांनी आजपासून चौदा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास तसा हक्क कोणाचा नाही, अथवा असल्यास तो त्यांनी जाणूनबुजून सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.

शेवटचे वाक्य अशा प्रत्येक नोटिशीत असते आणि मी ते शेकडो वेळा नकलून काढले आहे. या वेळी ते लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवले.

कुटुंबाने चष्मा लावून नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वर्तमानपत्राच्या कचेरीत ती केव्हा द्यायची, असे मी विचारले.

"आणि खरंच कोणी आलं न्यायला तर?"

नोटीस सध्या आमच्या पिठाच्या डब्याखाली आहे. चौदा दिवस केव्हाच होऊन गेले.